टोटेनहॅमचा पुढचा मॅनेजर कोण असावा? मत ठरवायला मदत हवी आहे

मंडळी,

६ जून २०२५ ला लंडनच्या आपल्या फुटबॉल क्लबने, टोटेनहॅमने, मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला काढलं आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. मी २००८ च्या लीग कपच्या आधीपासून हा क्लब बघतोय. त्या कपानंतर १७ वर्षं काही हाती लागलं नव्हतं. २१ मेला बिल्बाओत फायनलमध्ये ब्रेनन जॉन्सनचा गोल झाला, दुसऱ्या हाफमध्ये व्हॅन दे व्हेनने गोललाइनवरून हवेत झेपावून चेंडू बाहेर काढला आणि युरोपा लीग आपली झाली. मी रडलो. त्यानंतर सोळाव्या दिवशी मॅनेजर गेला.

राग येतो, पण टेबलही डोळ्यासमोर आहे. ३८ सामन्यांत २२ पराभव, ३८ गुण, १७ वा नंबर. लेस्टर, इप्सविच आणि साउदम्प्टन इतके मागे राहिले म्हणून आपण खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचलो, एरवी या गुणांवर झोप उडाली असती. शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर ब्रायटनने ४-१ ने हरवलं. दुखापती प्रचंड होत्या, हे मान्य. १८ वर्षांच्या आर्ची ग्रेला, मूळ मिडफिल्डर असलेल्या पोराला, आठवडेच्या आठवडे सेंटर बॅक (मधला बचावपटू) म्हणून खेळावं लागलं. फायनललाही मॅडिसन, कुलुसेव्हस्की आणि बर्ग्वाल नव्हते. पण इतके खेळाडू पडले ते नशिबाने, की सतत पळायला लावणाऱ्या त्या पद्धतीमुळे, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

आता माझी अडचण. आमच्या चाहत्यांच्या गटात रोज वाद होतात. फ्रँक (ब्रेंटफर्ड), इराओला (बोर्नमथ), ग्लासनर (क्रिस्टल पॅलेस), सिल्व्हा (फुलहॅम) या चार मॅनेजरांची नावं फिरताहेत, आणि जो शेवटचा बोलतो त्याचं मला पटतं. मला भीती वेगळीच आहे. २०१९ पासून आपण प्रत्येक वेळी आधीच्या माणसाच्या उलटा माणूस आणला. पोचेत्तिनो चॅम्पियन्स लीगची फायनल खेळून सहा महिने होण्याआधी गेला आणि मोरिन्यो आला. त्याला लीग कप फायनलच्या सहा दिवस आधी काढलं. मग नुनो १७ सामने. मग कोंते, तीन सेंटर बॅक आणि विंगबॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे) घेऊन. मग अँज, सगळी टीम हाफलाइनपर्यंत वर चढवणारा. प्रत्येकाने आपल्या पद्धतीचे खेळाडू घेतले आणि ते मागे ठेवून गेला. आज ड्रेसिंग रूममध्ये तीन-चार मॅनेजरांची खरेदी एकत्र बसलेली आहे.

म्हणून विचारतो. ६५ गोल खाल्ले म्हणून आता फक्त बचाव सांभाळणारा कोणी आणला, तर पुन्हा तेच चक्र नाही का? या चौघांच्या टीम ज्यांनी नीट पाहिल्यात त्यांनी सांगावं, आपल्याकडे जे खेळाडू आहेत ते कोणाच्या हाताखाली बसतील? शिवाय युरोपा लीग जिंकल्यामुळे पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीग आहे, म्हणजे आठवड्याला दोन सामने. ते कोणाला झेपेल? आपल्या आवडीचं नाव सोडून बोललात तर जास्त उपयोग होईल.

‘लेफ्ट विंग’ या सदस्याचं उत्तर:

अँजबद्दल तुमच्याइतकंच वाईट वाटलं. फ्रँकबद्दल सांगतो, कारण ब्रेंटफर्ड मी बरंच पाहिलंय. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो मुख्य कोच झाला आणि पहिल्या दहापैकी आठ सामने हरला. क्लबने त्याला ठेवलं. २०२० मध्ये वर चढण्यासाठीची प्लेऑफ फायनल हरले, २०२१ मध्ये ती जिंकून प्रीमियर लीगमध्ये आले, आणि तेव्हापासून खाली गेलेले नाहीत. स्ट्रायकर टोनी गेल्यावर गोल कोण करणार असं सगळे म्हणत होते. या मोसमात एम्बेमोने २० आणि विसाने १९ केले.

तुमच्या चक्राच्या भीतीवर माझं उत्तर असं की फ्रँक एका पद्धतीचा माणूस नाही. समोर कोण आहे ते पाहून तो कधी चार तर कधी पाच जणांची बचावफळी लावतो. सेट पीसवर (कॉर्नर, फ्री किक, किकऑफ अशा ठरवून खेळायच्या चालींवर) त्याची मेहनत तर आपण भोगलीच आहे. सप्टेंबरमध्ये आपल्याविरुद्ध २३ व्या सेकंदाला गोल झाला तो नुसता नशिबाने नव्हता. सलग तीन सामन्यांत त्यांनी पहिल्याच मिनिटात गोल केले, किकऑफचा सराव करूनच. तो सामना आपण ३-१ जिंकलो ही गोष्ट वेगळी. उणीव एकच, ब्रेंटफर्ड युरोपात खेळलेलं नाही. बुधवारी एक आणि शनिवारी दुसरा, असा मोसम त्याने तिथे काढलेला नाही.

‘गोलकीपर’ या सदस्याचं उत्तर:

मग ग्लासनरकडे बघा. पॅलेसने एफए कप जिंकला, मँचेस्टर सिटीला १-० हरवून, क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं. २०२२ मध्ये त्याने फ्रँकफर्टला युरोपा लीग जिंकून दिली, आणि त्याच मोसमात लीगमध्ये टीम ११ वी आली. आपल्यासारखीच गोष्ट, थोडी सौम्य. फ्रँकफर्टने त्याला काढलं नाही. पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटच्या १६ पर्यंत गेले आणि जर्मन कपची फायनल खेळले. आपल्यापुढे जे वर्ष उभं आहे, तसं वर्ष त्याने काढलंय.

खेळाडूंचं म्हणाल तर पोरो आणि उदोगी दोघेही कोंतेच्या काळात विंगबॅक म्हणूनच आले. रोमेरो, व्हॅन दे व्हेन, डान्सो असे तीन मागे बसतात. इराओलाचं बोर्नमथ मला फार आवडतं, पण अँजच्या वर्षानंतर याच पायांना पुन्हा तितकंच पळवायचं? माझं धाडस होणार नाही. सिल्व्हाने फुलहॅमला त्यांचे प्रीमियर लीगमधले सर्वाधिक गुण मिळवून दिले, माणूस चांगला आहे, पण आपल्या प्रश्नाला त्याच्याकडे वेगळं उत्तर मला दिसत नाही.

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा):

दोघांचेही मनापासून आभार. फ्रँकफर्ट लीगमध्ये ११ वं होतं हे माझ्या लक्षातच नव्हतं, आज दिवसभर तेच डोक्यात आहे. इराओलाबद्दलचं म्हणणं पटलं, माझ्या यादीतून त्याचं नाव मी जड मनाने काढलं.

ग्लासनरबाबत एका ठिकाणी अडतो. त्याच्या रचनेत विंगबॅकच्या पुढे दोघे आत खेळतात, खरे विंगर नसतातच. आपला या मोसमातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू जॉन्सन, सगळ्या स्पर्धा धरून १८. तो लांबच्या पोस्टवर धावत येऊन गोल करतो, आत खेळून चेंडू फिरवणं हा त्याचा खेळ नाही. त्याला बसवायचं का? बिल्बाओच्या गोलनंतर तीन महिन्यांत? फ्रँक दोन्ही रचना खेळवतो, तिथे पोरो-उदोगी आणि जॉन्सन दोघांनाही जागा सापडेल असं दिसतं. म्हणून आत्ता माझं मत किंचित फ्रँककडे झुकतंय, पण आठवड्याला दोन सामन्यांची शंका तशीच आहे.

फ्रँकफर्टचा २०२२-२३ चा मोसम कोणी सलग पाहिलाय का? युरोपातल्या सामन्यानंतरच्या लीग सामन्यात ग्लासनर किती जण बदलायचा, आणि टीम बदलली की खेळ टिकायचा का, एवढं कळलं तरी माझं मत पक्कं होईल. १३ ऑगस्टला उदिनेत पीएसजीविरुद्ध सुपर कप (चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग विजेत्यांचा सामना) आहे, नव्या माणसाच्या हाती वेळ फारच थोडा आहे.