सिस्कोला माफी आणि जेनवेला दोष, हा भेद कशामुळे?

प्रश्न

‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथांच्या विश्वातील ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या ‘इन द पेल मूनलाइट’ (१९९८) या भागात कॅप्टन सिस्को रोम्युलन या तटस्थ परग्रही सत्तेला डोमिनियन या शत्रुसत्तेविरुद्धच्या युद्धात उतरवण्यासाठी खोटा पुरावा तयार करवून घेतो, आणि तो बनाव रोम्युलन सिनेटर व्रीनाकच्या लक्षात आल्यावर सिस्कोचा साथीदार, माजी हेर गॅरॅक व्रीनाकचे यान त्याच्यासकट स्फोटात उडवून देतो. तरीही आपल्यापैकी बहुतेकांची सहानुभूती सिस्कोलाच मिळते. याउलट त्याच विश्वातील ‘व्हॉयेजर’ या मालिकेच्या ‘टुविक्स’ (१९९६) या भागात टुवॉक आणि नीलिक्स या आपल्या सहकाऱ्यांना परत मिळवण्यासाठी, त्या दोघांच्या अपघाती संयोगातून जन्मलेल्या टुविक्सला कॅप्टन जेनवे संपवते, तेव्हा तिला सर्रास खुनी ठरवले जाते. नैतिकतेची ही दोन मापे आपण कशाच्या आधारावर लावतो?

प्रतिसाद १

मला वाटते, हा परिचयाचा परिणाम आहे. टुविक्सचे हसणे, त्याची पाककला, त्याची समज हे सारे आपण पाहिलेले असते, आणि अखेरीस तो सगळ्यांसमोर जिवाची भीक मागतो. व्रीनाक मात्र थोडाच वेळ दिसतो आणि तोही उद्धट. बनाव रचणाऱ्या टोलारलाही गॅरॅकच मारतो, पण त्याची तर या चर्चांमध्ये कोणी मोजदादही करत नाही. ज्याची ओळख नाही त्याचा मृत्यू आपण स्वस्त मानतो, ही उणीव प्रेक्षक म्हणून आपली आहे.

प्रतिसाद २

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. टुविक्स निरपराध होता, त्याने स्पष्ट नकार दिला होता, आणि जहाजावरच्या डॉक्टरनेही ती प्रक्रिया करण्यास नकार दिला होता, त्यामुळे जेनवेचा अपराध मला गंभीरच वाटतो. मात्र तिने तो स्वतःच्या हातांनी केला. सिस्कोने हत्येचा आदेश दिला नव्हता हे खरे, पण आपल्याला जे जमणार नाही ते गॅरॅक करू शकेल हे ठाऊक असल्यामुळेच तो त्याच्याकडे गेला, आणि गॅरॅक हे त्याला तोंडावर ऐकवतोही. दुसऱ्याच्या हातून काम होऊ देऊन मग हादरून जाणे मला अधिक आक्षेपार्ह वाटते.

प्रतिसाद ३ (प्रश्नकर्ता)

आपला मुद्दा पटला, आणि त्यावरून कथनाचा फरक ध्यानात आला. सिस्कोचा संपूर्ण भाग त्याच्याच नोंदीतून उलगडतो. आपण त्याच्या आवाजात त्याची तगमग ऐकतो आणि ती नोंद तो पुसून टाकतो तेव्हा तिचे एकमेव साक्षीदार आपणच उरतो. जेनवेला असे एकही वाक्य दिलेले नाही. ती उपचारकक्षातून निःशब्द बाहेर पडते आणि भाग संपतो. मात्र तिला तसा कबुलीजबाब मिळाला असता तरी टुविक्सचा बळी गेलाच असता आणि तिचा निर्णय मी चुकीचाच मानला असता. मग सिस्कोलाही मी त्याच मापाने मोजायला हवे होते, आणि आजवर मी ते केलेले नाही.