"नातेवाइकांनाच ऐकायचं नसतं" म्हणे!

रेवती_सातारा: कालच्या धाग्यावर एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, 'पेशंट वाचणार नाही हे आम्ही सांगतो, नातेवाइकांनाच ऐकायचं नसतं.' वाचून डोकंच फिरलं. माझे बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. रोज दुपारी दार अर्धं उघडायचं, "पेशंटबरोबर कोण आहे?" मी चपला काढेपर्यंत बोलणं संपलेलं: "क्रिटिकल आहे, चोवीस तास काही सांगता येत नाही." अकरा दिवस तेच चोवीस तास! खरं सांगितलं ते वॉर्डातल्या मावशींनी. "ताई, बोलून घ्या आता." तोवर बाबांच्या घशात नळी होती.

आडवाटेचा_डॉक्टर: लिहिणारा मीच. स्पष्ट बोललं की "तुम्ही हात टेकले" ऐकावं लागतं. गेल्या वर्षी एकाने कॉलर धरली. २०१० चा हल्लाविरोधी कायदा आहे, पण तेव्हा तो कपाटात होता. तुम्ही तयार असता हो, मग अमेरिकेतला मुलगा बॅगेसकट येतो, "डू एव्हरीथिंग!"

न्यूजर्सीकर: आला का तो मुलगा! मला रात्री तीनला रिपोर्टचे आडवे फोटो यायचे, फोनवर धड कोणी बोलेना. इकडे आईच्या मैत्रिणीच्या वेळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले होते.

बंड्या_ठाणे: तिकडचं कौतुक तिकडेच ठेवा. बहीण बेडपॅन काढते आणि निर्णय भाऊ घेतो.

न्यूजर्सीकर: आयसीयूचं बिल कोणी भरलं, तेही लिहा ना.

बंड्या_ठाणे: पावती पण फ्रेम करून लावा. माझ्या ताईने चार महिने नोकरी सोडली, तिचं बिल कुठे लावायचं?

रेवती_सातारा: अहो, विषय डॉक्टरांचा होता!

माधवकाका: म्हणून शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवावं, लिव्हिंग विल म्हणतात त्याला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या सहीची अटही काढली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, झालं. मी केलंय. मुलाला कागद दाखवला तर म्हणतो, "बाबा, ऐन गणपतीत काय हे?"

आडवाटेचा_डॉक्टर: काका, कागद असला तरी उपचार थांबवायला तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. आमच्या तालुक्यात सहा डॉक्टर एका वेळी फक्त लग्नात भेटतात.

माधवकाका: मग लग्नातच सह्या घ्या.

आडवाटेचा_डॉक्टर: घेतो. आणि रेवतीताई, मावशी जे बोलल्या ते डॉक्टरने बोलायला हवं होतं, एवढं मान्य. खुर्चीचं म्हणाल तर आमच्या आयसीयूबाहेर एकही नाही.

रेवती_सातारा: आमच्या तिथेही नव्हती. चपलांना मात्र स्टँड होता.