मदत हवी आहे : नवशिक्याच्या पायथन कोडवर अभिप्राय, किती सांगावं आणि किती राखून ठेवावं?

नमस्कार मंडळी. आमच्या शिकाऊ गटातला प्रोजेक्ट 'आकडा ओळखा' हा खेळ आहे : १ ते १०० मधला आकडा, ओळखायला ७ संधी. (दर वेळी मधला आकडा विचारला आणि उत्तर त्याहून लहान की मोठं हे कळत गेलं तर ७ पुरतात, ते गणित बरोबर आहे.) एकीच्या कोडमध्ये मात्र बरोबर उत्तरालाही 'चुकलं'च येतं. इनपुटमधून येते ती स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर), ती इंटमध्ये (म्हणजे पूर्णांकात) बदललेलीच नाही. स्ट्रिंग '४२' आणि आकडा ४२ यांची 'समान आहे का' अशी तुलना केली की पायथन मुकाट्याने 'नाही' म्हणतो. लहान-मोठं तपासलं असतं तर निदान टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याची चूक) तरी आला असता!

नुसतं "छान!" लिहून उपयोग नाही, आणि दुरुस्त ओळ आयती देणं त्याहून वाईट. मसुदा असा केलाय :

"संधी मोजणारं व्हेरिएबल लूपच्या बाहेर ठेवलंस, म्हणून मोजणी दर फेरीला शून्यावर जात नाही. हे नेमकं जमलंय. आता तुलनेच्या आधी दोन्ही किमतींचा टाइप प्रिंट करून बघ."

एवढा इशारा पुरेल का? शिवाय इंट लावल्यावर कुणी अक्षर टाइप केलं तर व्हॅल्यूएरर (त्याचा आकडा होत नाही अशी चूक) येणारच. ते आत्ताच सांगावं, की पुढच्या फेरीला? व्हेरिएबलची नावं 'ए', 'बी' आहेत, त्याबद्दल तर अजून काहीच लिहिलेलं नाही.