घराची परवानगी आणि तपासणी : मालकांनो, तुमचे अनुभव सांगा

नकाशा मंजुरीपासून भोगवटा प्रमाणपत्र (घरात राहायला परवानगी देणारा दाखला) हातात पडेपर्यंत ज्यांनी स्वतः खेटे घातलेत, त्यांनी इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आमचा जिना बघून तपासनीस "हा चालणार नाही" एवढंच म्हणाले. मी वाद घातला नाही. कोणत्या कलमात बसत नाही ते शेऱ्यात लिहून द्या, इतकंच सांगितलं. लेखी आल्यावर कळलं की हरकत अख्ख्या जिन्याला नव्हतीच. सगळ्यात खालची पायरी तेवढी बाकीच्यांपेक्षा उंच भरत होती, कारण खालची फरशी बसायची होती. फरशीची जाडी दाखवणारा छेद (उभा कापून दाखवलेला नकाशा) जोडला, हरकत निघाली. तोंडी ऐकून जिना फोडला असता तर?

*

ताई, लेखी घ्यायचं हे अगदी खरं. पण तपासणीने माझं घर वाचवलं, तेही सांगतो.

पायाचं काँक्रीट ओतायच्या आधी तपासनीस खड्ड्यात उतरले. नकाशावर ५० मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, लिहिलेलं, आणि एका कोपऱ्यात सळयांची जाळी सरळ मातीवर टेकलेली. खाली जाळी उचलून धरणारे कव्हर ब्लॉकच नाहीत. ठेकेदार म्हणाला, ओतताना उचलून घेऊ. साहेबांनी काम थांबवलं. काँक्रीटची गाडी सांगून ठेवलेली, ठेकेदार धुसफुसत होता, मजूर बसून. पण त्या सळईपर्यंत ओल पोचली असती, ती गंजून फुगली असती आणि काँक्रीट आतून तडकलं असतं. वरून कुणाला दिसणार होतं? ब्लॉक लावून घेतले, टेप धरून फोटो काढले आणि मगच ओतलं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, झाकलं जाणारं प्रत्येक काम झाकायच्या आधी दाखवा: सळई, भिंतीतले नळ, वायरिंगच्या नळ्या.

*

अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली पोच जवळ हवी. आमचे साहेब मध्येच बदलले, तेव्हा फाईल त्या पोचेवरूनच सापडली.

*

जुनं घर घेणाऱ्यांसाठी. व्यवहाराआधी मी मंजूर नकाशा मागितला आणि टेप घेऊन खोल्या मोजल्या. मागची खोली नकाशात नव्हतीच, ती सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत, वाढवलेली. नंतर नोटीस आली असती तर ती माझ्या नावावर. आधी ती खोली काढा किंवा नियमित करून घ्या, मगच खरेदीखत, असं ठरवलं.

*

सगळ्यांनाच सरळ माणसं भेटत नाहीत. आम्हाला मधल्या माणसाकरवी "काहीतरी बघावं लागेल" असा निरोप आला. दिलं नाही. फाईल कशासाठी अडली आहे, हे लेखी विचारलं, वरच्या अधिकाऱ्यांना प्रत दिली. काम झालं, पण तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही भरताना जीव मेटाकुटीला आला. ज्यांना इतकं थांबणं झेपत नाही, त्यांना मी नावं ठेवणार नाही. चीड येते ती मागणाऱ्यांची.

*

मी बरीच वर्षं तपासणीच्या कामावर होतो. जागेवर मंजूर नकाशाची प्रत नसेल तर मापं ताडायची कशाशी? आणि तपासणीच्या दिवशी मालकाने स्वतः हजर राहावं. खिडकी नकाशातल्या जागेवरून का सरकली, याचं उत्तर गवंडी कुठून देणार?