क्रूझवर सकाळी सकाळी चांगली कॉफी कशी मिळवायची?

हिरवा_कंदील
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही क्रूझला निघालोय, सोबत आई-बाबा आणि लेक. बाकी सगळी तयारी झालीये पण माझा जीव अडकलाय सकाळच्या कॉफीत. बाबांना पहाटे पाचला जाग येते आणि पहिला कप पोटात गेल्याशिवाय ते कोणाशी धड बोलत नाहीत, त्यांना काळी लागते, मला दुधाची पण कडक. आधी जाऊन आलेली मैत्रीण म्हणाली जेवण उत्तम, खोल्या उत्तम, फक्त बफेमधली कॉफी अगदीच पाणचट. हे सगळ्याच जहाजांवर असं असतं का? आणि घरून छोटी इलेक्ट्रिक किटली नेली तर चालते का? ड्रिंक्स पॅकेज (एकरकमी पैसे भरून सगळी पेयं घ्यायची सोय) नुसत्या कॉफीसाठी घ्यावं का हेही सांगा, आमच्यात दारू कोणी घेत नाही. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा प्लीज.

वरचा_डेक
किटलीचा विचार आत्ताच सोडा ताई. हीटिंग एलिमेंट असलेली कुठलीही वस्तू, म्हणजे किटली, इस्त्री, कॉफी मेकर, इमर्शन रॉड, बहुतेक सगळ्या लाईन्सवर, म्हणजे क्रूझ कंपन्यांच्या जहाजांवर, बंद आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या मनाईच्या यादीत तर कॉफी मेकर नाव घेऊन लिहिलेला आहे. समुद्रात आग लागणं ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती असते त्यामुळे यात हुज्जत घालण्यात अर्थ नाही, बॅग स्कॅन होताना वस्तू काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. अपवाद म्हणजे ब्रिटिश लाईन्स, पी अँड ओ आणि क्युनार्डच्या केबिनमध्ये किटली त्यांचीच ठेवलेली असते, सोबत चहा आणि इन्स्टंट कॉफीच्या पुड्या. तुमची लाईन कुठली ते लिहिलं नाहीत, आधी ते बघा.

आता बफेची कॉफी. तुमची मैत्रीण खोटं नाही बोलली. बऱ्याच जहाजांवर बफेच्या मशीनमध्ये दाणे दळून कॉफी होतच नाही, कॉफीचा दाट अर्क असतो आणि बटण दाबलं की त्यात गरम पाणी मिसळून कपात पडतं. हजारो लोकांना दोन तासांत नाश्ता द्यायचा तर त्यांच्या बाजूने ते सोयीचंच आहे. जिथे खरी कॉफी करतात तिथेही ती मोठ्या पिंपात तास तास गरम ठेवलेली असते, आणि कॉफी गरम राहिली की तिच्यातलं क्लोरोजेनिक ॲसिड फुटून क्विनिक ॲसिड वाढतं, म्हणून ती नुसती कडूच नाही तर घशाशी आंबट तुरट लागते. त्यामुळे पिंपाची घ्यायचीच असेल तर नुकतंच बदललेलं पिंप बघून घ्या, तिथल्या माणसाला सरळ विचारा ताजी कधी केली, ते सांगतात आणि कित्येकदा नवीन आणून देतात.

त्यापेक्षा सोपं म्हणजे नाश्त्याला बफेत न जाता मेन डायनिंग रूममध्ये बसायचं. तिथे वेटर किटलीतून ओततो, मला तरी ती कॉफी बफेपेक्षा नेहमी चांगली मिळालीये, आणि गरम दूध वेगळं मागितलं की आणून देतात. बफेत मात्र दूध म्हणजे बहुतेक छोट्या डब्यांतलं क्रीमर, त्याने तुमची कडक कॉफी होणार नाही. पण डायनिंग रूम पहाटे पाचला उघडत नाही, बाबांचा प्रश्न तिथे सुटत नाही.

दाणे_आणि_दळण
मी गेली कित्येक वर्षं एरोप्रेस, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी करायची नळी, घेऊन फिरतोय आणि क्रूझसाठी याच्याइतकी चांगली वस्तू नाही असं माझं ठाम मत आहे. वायर नाही, काच नाही, हीटिंग एलिमेंट नाही, त्यामुळे सिक्युरिटीत मला तरी आजवर कोणी अडवलं नाही. आणि मुख्य म्हणजे याला उकळतं पाणी लागत नाही. २००५ मध्ये ॲलन ॲडलर यांनी हे बाजारात आणलं तेव्हापासून त्यांचं म्हणणं ८० अंशाच्या आसपासचं पाणी घ्या असंच आहे. ड्रिप किंवा पोअर ओव्हरला (पावडरवर वरून गरम पाणी ओतून गाळायची पद्धत) ९० ते ९६ अंश लागतं आणि जहाजावर ते खोलीपर्यंत आणताच येत नाही, म्हणून पोअर ओव्हरवाले तिथे नाराज होतात.

माझी पद्धत सांगतो. चांगला स्टीलचा थर्मॉस न्या. बफेजवळ चहासाठी गरम पाण्याचा नळ असतो, बऱ्याच जहाजांवर तो कोपरा रात्रभर चालू असतो. आधी थोडं गरम पाणी थर्मॉसमध्ये घालून हलवून ओतून टाका, नाहीतर थंड स्टीलच पहिले काही अंश खाऊन टाकतं. एक महत्त्वाचं, नळाखाली स्वतःची बाटली थेट धरू नका, बहुतेक जहाजांवर स्वच्छतेच्या नियमात ते बसत नाही, तिथल्या कपात पाणी घ्या आणि कपातून थर्मॉसमध्ये ओता. मग खोलीत येऊन १५ ग्रॅम पावडर, बारीक पण मैद्यासारखी नाही, पाणी घालून दहा सेकंद ढवळायचं, मिनिटभर थांबायचं आणि सावकाश दाबायचं. शेवटी फुस्स असा आवाज आला की थांबा. खाली दाट अर्क मिळतो, बाबांना त्यात गरम पाणी घालून काळी, तुम्हाला त्यात गरम दूध, दोघांचं काम एकाच यंत्रात.

हिरवा_कंदील
बापरे, किती छान माहिती! किटली रद्द. एरोप्रेसबद्दल अजून विचारते, जहाज हलत असताना ते दाबणं धोक्याचं नाही का? गरम पाण्याचा कप आणि वरून जोर, मला आईची काळजी वाटते, ती मदत करायला पुढे येणारच. आणि पावडर दळून नेऊ की दाणे?

दाणे_आणि_दळण
चांगला प्रश्न आहे. टेबलावर करू नका, बाथरूमच्या सिंकमध्ये करा. तोंड पुसायचा छोटा टॉवेल ओला करून, पिळून, सिंकच्या तळाशी पसरा आणि त्यावर जाड बुडाचा मग ठेवा, तो अजिबात सरकत नाही आणि सांडलंच तर सिंकमध्येच सांडतं. काचेचा किंवा निमुळता कप नको. समुद्र जास्तच खवळलेला असेल तर त्या दिवशी करूच नका, तसंही अशा वेळी उपाशीपोटी कडक कॉफी घेतली की मळमळ वाढते, आधी दोन बिस्किटं खा.

दाणे नेता आले तर उत्तम, हाताने फिरवायचं छोटं ग्राइंडर मिळतं. पण पहाटे पाचला केबिनमध्ये दाणे दळले तर शेजारीही उठतील म्हणून मी रात्री जेवून आल्यावर सकाळपुरतं दळून घट्ट डबीत ठेवतो. दळलेली नेलीत तरी एका सहलीत फार बिघडत नाही.

आणि हे विसरू नका, उरलेला चोथा कमोडमध्ये टाकायचा नाही. जहाजावरचे संडास व्हॅक्यूमवर चालतात, चोथा अडकला तर फक्त तुमचाच नाही, त्या पाइपवरच्या आणखी खोल्यांचा खोळंबा होऊ शकतो. एरोप्रेसचा चोथा घट्ट चकतीसारखा निघतो, टिश्यूत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात.

खारं_गोडं
पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण कपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मोठ्या जहाजांवर बरंचसं पाणी समुद्राचंच करतात, एकतर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर कमी दाबाखाली वाफ करून किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ, ते सगळं काढलं की कॅल्शियम मॅग्नेशियमही जातं, आणि कॉफीतली चव बाहेर ओढायला हीच खनिजं लागतात. म्हणून जहाजावर ती परत घालतात, पण तुमच्या घरच्या पाण्यासारखी चव लागेलच असं नाही. वर क्लोरीन. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांना सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या नियमांनुसार नळापर्यंत किमान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) क्लोरीन किंवा ब्रोमीन राखावं लागतं, आणि पाणी भरताना २ पीपीएम. हे तब्येतीसाठी गरजेचंच आहे, त्याला नावं ठेवत नाहीये, पण हलक्या भाजणीच्या नाजूक कॉफीत तो वास लगेच कळतो. म्हणून जहाजावर मध्यम ते गडद भाजलेली कॉफी न्या आणि घरी घालता त्यापेक्षा थोडी जास्त घाला. महागडी हलकी भाजणी घरीच ठेवा, तिथे तिचं चीज होत नाही.

वरचा_डेक
खारं_गोडं ताई, हे भारीच, गडद भाजणीचं मी अनुभवाने करत होतो, कारण आज कळलं.

निवांत_खुर्ची
पॅकेजचं मी सांगतो. दारूचं पूर्ण पॅकेज कॉफीसाठी घेऊ नका, पैसे वाया. बऱ्याच लाईन्सवर बिनदारूचं वेगळं पॅकेज असतं, त्यात एस्प्रेसो, कापुचिनो, लाटे येतं, किंवा नुसतं कॉफी कार्ड असतं. घेण्याआधी एवढं नक्की विचारा की जहाजावरचं कुठलं कॅफे त्यात धरलंय. कॉफीच्या मोठ्या ब्रँडचं दुकान जहाजावर असलं तरी ते पॅकेजमध्ये असेलच असं नाही. असं पहिलं दुकान २०१० मध्ये रॉयल कॅरिबियनच्या अल्युअर ऑफ द सीज या जहाजावर स्टारबक्सचं निघालं. सुटा कप घेतलात तर अमेरिकन लाईन्सवर बिलात साधारण १८ ते २० टक्के ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप) आपोआप लागते तेही धरा. मी स्वतः पॅकेज घेत नाही. सकाळची एक एस्प्रेसो सुटी विकत घेतो, उरलेल्या दिवसाला डायनिंग रूमची पुरते. कॅफेत दाणे दळून समोर करून देतात, खरी कॉफी तिथेच. कार्निवलवर जावाब्लू आहे, रॉयलवर कॅफे प्रोमेनाड, आणि प्रोमेनाडला साधी कॉफी फुकट असते, पैसे फक्त स्पेशल कॉफीचे.

फक्त बंदराच्या दिवशी सकाळी साडेसात आठला कॅफेकडे फिरकू नका, सगळं जहाज उतरायच्या आधी तिथेच रांगेत असतं.

हिरवा_कंदील
सगळ्यांचे मनापासून आभार. एरोप्रेस मागवलाय, गडद भाजणी घेतेय. राहिला पहाटे पाचचा प्रश्न, बाबा रोज थर्मॉस घेऊन वरच्या मजल्यावर जातील की नाही शंका आहे, गुडघा दुखतो त्यांचा.

वरचा_डेक
त्यांना जायलाच नको. पाणी तुम्ही रात्री झोपताना आणून ठेवलंत तर पाचपर्यंत एरोप्रेसलाही कमी पडेल इतकं निवतं, म्हणून दुसरा मार्ग. खोलीत नाश्त्याचं कार्ड असतं, त्यावर खूण करून रात्री दाराच्या मुठीला लटकवायचं, सकाळी ठरलेल्या वेळी खोलीत येतं. साधा ब्रेड-कॉफीचा नाश्ता बऱ्याच लाईन्सवर फुकट असतो, काहींवर चार्ज लागतो, तुमच्या लाईनचं बघून घ्या. कार्डवर 'गरम पाण्याची किटली' असं हाताने लिहा आणि कॉफीच्या जागी खूण करू नका, किटली आली की एरोप्रेस तुमच्याच खोलीत. पण कार्डवरच्या वेळा बहुतेक ठिकाणी सहा-साडेसहापासून सुरू होतात. त्याआधी हवं असेल तर जिथे रूम सर्व्हिस चोवीस तास आहे तिथे पहाटे फोन करा, त्या वेळी गर्दी नसते आणि पाणी बऱ्यापैकी कढत येतं. आणणाऱ्याला हातात थोडी टिप द्या, दुसऱ्या दिवसापासून तो बाबांना ओळखायला लागेल.