मदत हवी आहे: भावाच्या पायलट ट्रेनिंगसाठी कर्ज, शुक्रवारपर्यंत ५ लाख भरायचे आहेत

सायली_मंगळवेढा (सोमवार, १० जून २०२४, रात्री १०:४०)
नमस्कार. धाकट्या भावाला कमर्शियल पायलट व्हायचंय. यंदाच बारावी सायन्स झाला, ७८ टक्के. एका फ्लाइंग स्कूलमध्ये जागा मिळाली आहे. पूर्ण फी ५२ लाख. त्यातले ५ लाख शुक्रवार संध्याकाळपर्यंत भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ म्हणतात. बाबांची सहा एकर जमीन आहे आणि ती तारण ठेवायची त्यांची तयारी आहे. दोन बँकांत जाऊन आले, दोन्हीकडे "बघू, कागद ठेवून जा" एवढंच. कुठली बँक हे काम लवकर करते ते सांगा. "हे फील्ड नको, दुसरं बघा" असे सल्ले कृपया देऊ नका. तो सातवीपासून हेच बोलतोय आणि आता मागे फिरायचं नाही असं आमचं ठरलंय.

रनवे_२७ (रात्री ११:०५)
ताई, मी सध्या ट्रेनिंगलाच आहे, १४० तास झालेत. बँकेआधी थोडं सांगा. क्लास टू मेडिकल झालं का? डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) कंप्युटर नंबर, म्हणजे त्यांच्या परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढला का? बारावीला विषय कोणते होते? आणि ५२ लाखांत नेमकं काय काय धरलंय? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही.

निवृत्त_शाखाधिकारी (रात्री ११:२०)
जमीन शेतीची की बिगरशेती? उत्तर त्यावर ठरेल. शैक्षणिक कर्जाला मोठ्या रकमेसाठी तारण लागतं आणि शेतजमीन बहुतेक बँका धरत नाहीत. कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुलीची कारवाई करता येत नाही, म्हणून. "बघू" म्हणजे नाहीच समजा. मी ३१ वर्षं हे "बघू" लोकांना सांगितलंय, म्हणून आज स्पष्ट लिहितो. घर कोणाच्या नावावर आहे?

फिनिक्सकर (रात्री ११:५२)
इथे अ‍ॅरिझोनात पाठवा. वर्षातले बहुतेक दिवस आकाश स्वच्छ असतं, पोरं रोज उडतात. भारतात पावसाळ्यात विमानं हँगरमध्ये बसून असतात. माझा मेहुणा इथे शिकून परत गेला, आता एअरलाइनमध्ये आहे. ५२ लाखांत इथेही जमू शकतं.

रनवे_२७ (मंगळवार, सकाळी ७:१०)
@फिनिक्सकर, अमेरिकेतलं लायसन्स घेऊन आलं तरी भारतात ते कन्व्हर्ट करावं लागतं. एअर रेग्युलेशन्स आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर द्यावा लागतो, डीजीसीएचं क्लास वन मेडिकल लागतं. बारावीची अट तर सुटतच नाही. व्हिसा आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीची टीएसएची (तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी हे आणखी वेगळं. उडायला तिथे बरं आहे हे मान्य, पण प्रश्न शुक्रवारचा आहे.

खडकवासला_माजी (सकाळी ८:३०)
मुलाला एनडीएला बसवा. सरकार उडायला शिकवतं, वर पगार देतं. पन्नास लाख कशाला घालायचे? वय साडेसोळा ते साडेएकोणीसमध्ये बसतंय का बघा. मुलाखतीची तयारी कशी करायची यावर मी मागे इथे सविस्तर लिहिलं आहे, ते वाचा.

सायली_मंगळवेढा (सकाळी ९:१५)
सगळ्यांचे आभार, पण मी बँकेचं विचारलंय. जमीन शेतीचीच, जिरायत. घर गावठाणात आहे, आजोबांच्या नावावर, आजोबा वारले. क्लास टू म्हणजे काय ते माहीत नाही. त्याचे डोळे चांगले आहेत, फक्त चष्मा आहे. सायन्स झालंय हे वर लिहिलंय.

नेत्रा_पुणे (सकाळी ९:४०)
चष्मा असेल तर आधी लेझर करून नंबर घालवा. माझ्या भाच्याचं दहा मिनिटांत झालं.

रनवे_२७ (सकाळी ९:५५)
नको! कृपा करून असं करू नका. चष्मा चालतो. चष्म्यासकट नीट दिसलं की झालं, आमच्या बॅचमधल्या अर्ध्या मुलांना चष्मा आहे. डोळ्यांवर कुठलीही शस्त्रक्रिया करण्याआधी क्लास टूच्या डॉक्टरांना विचारा. अडकणारी गोष्ट दुसरीच आहे, रंग. इशिहारा चाचणीत ठिपक्यांच्या वर्तुळातले आकडे वाचायचे असतात. लाल-हिरव्याचा गोंधळ अनेकांना आयुष्यभर कळत नाही, तो तिथे कळतो.

क्लास टू आणि क्लास वन म्हणजे पायलटच्या वैद्यकीय तपासण्या. क्रम असा: डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू, मग क्लास वन. क्लास वन बंगळूरला हवाई दलाच्या आयएएम या वैद्यकीय संस्थेत, दिल्लीत त्यांच्याच एएफसीएमईमध्ये किंवा मान्यता असलेल्या केंद्रांत होतं. क्लास टूचा खर्च फीच्या मानाने काहीच नाही. त्याआधी कोणालाही पाच लाख देऊ नका.

आणि ताई, "सायन्स" हे उत्तर नाही. गणित होतं का?

सायली_मंगळवेढा (दुपारी १:२०)
पीसीबी, म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र. गणिताऐवजी भूगोल घेतला होता. तेव्हा घरच्यांना वाटत होतं त्याने मेडिकलला जावं, आणि पायलटला सायन्स लागतं एवढंच आम्हाला माहीत होतं. पण स्कूलवाल्यांनी मार्कशीट बघूनच फॉर्म घेतलाय. मी विचारलं तर म्हणाले, "ते नंतर करता येतं, आधी सीट धरा."

रनवे_२७ (दुपारी १:४५)
हेच मघापासून विचारत होतो.

ते खोटं बोलले नाहीत, पण पुरं सांगितलेलं नाही. स्टुडंट पायलट लायसन्सला दहावी पुरते, म्हणून स्कूल त्याला आत घेऊ शकतं. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, मात्र बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही उत्तीर्ण लागतात. म्हणजे पैसे सुरू होतील, तास भरत जातील आणि कागद अडकून बसेल. @खडकवासला_माजी, एनडीएतून हवाई दलात जायलाही बारावीला गणित लागतंच.

कोकणकडा (दुपारी २:३०)
एवढं घाबरवू नका हो. गणित बाजूने करता येतं. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) एकच विषय देता येतो. माझ्या चुलतभावाने उडता उडता दिला, पास झाला, आज को-पायलट आहे. सीट हातची घालवू नका.

शिक्षिका_सांगली (दुपारी २:५०)
एनआयओएसची मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याशिवाय ऑन डिमांड परीक्षाही आहे. बारावीच्या गणिताचा विषय क्रमांक ३११. राज्य मंडळातही "तुरळक विषय" म्हणून बसता येतं, विभागीय मंडळात विचारा. पीसीबीचा मुलगा अकरावीपासून गणितापासून लांब असतो. त्रिकोणमिती, सदिश, कलन सगळं नव्याने. चार-पाच महिने रोज बसला तर निघेल, मी अशा मुलांना शिकवलंय. "बाजूने" होणारा विषय नाही हा.

रनवे_२७ (दुपारी ३:४०)
@कोकणकडा, तुमच्या भावाचं जमलं याचा आनंद आहे. माझं सांगतो. मीही "सीट जाईल" म्हणून घाईत पैसे भरले. नाव घेत नाही. कागदावर सात विमानं होती. गेलो तेव्हा तीन उडत होती, एकाचं इंजिन उघडून ठेवलेलं, बाकी ताडपत्रीखाली. आठ महिन्यांत माझे २२ तास झाले. मग दुसरीकडे गेलो, पहिल्या ठिकाणचे पैसे अजून पूर्ण मिळालेले नाहीत. बाबांनी पीएफ काढला होता.

म्हणून ताई, भावाला घेऊन एक दिवस त्या धावपट्टीवर जा. सकाळी सहाला उभे राहा. किती विमानं बाहेर येतात ते मोजा. विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती, मागच्या महिन्यात एकेकाचे किती तास झाले, हे ऑफिसात नाही, हॉस्टेलच्या मुलांना विचारा. त्यांची लॉगबुकं बघा.

सीपीएलला एकूण २०० तास. त्यात १०० पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन), ३०० सागरी मैलांचा एक क्रॉस कंट्री प्रवास, ५ तास रात्रीचे. पेपर वेगळे: नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के. शिवाय रेडिओची आरटीआर परीक्षा. ५२ लाखांत मल्टी-इंजिन विमानावरचं ट्रेनिंग आहे का, हॉस्टेल आहे का, २०० च्या वर तास लागले तर दर काय, हे लेखी घ्या. टाइप रेटिंग, म्हणजे एअरलाइनच्या ठराविक विमानाचं ट्रेनिंग, त्यानंतरचं, आणि त्याला पुन्हा काही लाख लागतात.

जुना_जुहूकर (संध्याकाळी ६:१०)
धागा वाचून आठवलं. जेआरडी टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स १९२९ मध्ये मिळालं आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पुस मॉथ या छोट्या विमानात टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. वडील मला लहानपणी जुहू विमानतळाच्या कुंपणाशी घेऊन जायचे आणि त्या जागेकडे बोट दाखवायचे. या मुलाचं नक्की होऊ दे.

फिनिक्सकर (संध्याकाळी ६:५५)
छान आठवण. गणिताचं मला माहीत नव्हतं, मेहुण्याचं पीसीएम होतं. हवामानाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

विदर्भकर (संध्याकाळी ७:३०)
तुम्ही इतर मागासवर्गात येता का? महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अनुसूचित जातीत असाल तर केंद्राची शिष्यवृत्ती बघा. अर्ज कधी उघडतात यावर लक्ष ठेवावं लागतं.

सायली_मंगळवेढा (बुधवार, रात्री ११:३०)
विदर्भकर दादा, आम्हाला ते लागू नाही, पण धन्यवाद.

आज गेलो होतो. पहाटे तीनला निघालो, साडेसहाला पोचलो. गेटच्या बाहेरून बघितलं. दोन विमानं बाहेर आली. एक मुलगी पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक नळीत पेट्रोल काढत होती आणि नळी उजेडाकडे धरून बघत होती. भावाने मला सांगितलं की टाकीत पाणी शिरलंय का ते बघतात, पाण्याचे थेंब तळाशी बसतात. हे सगळं तो कुठून शिकला मला माहीत नाही. हॉस्टेलची दोन मुलं चहाच्या टपरीवर भेटली. एकाला अकरा महिने झाले, ६० तास.

ऑफिसात गणिताचं पुन्हा विचारलं. लेखी द्यायला तयार नाहीत.

येताना गाडीत तो पंढरपूरपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, गणिताचं पुस्तक कुठे मिळेल?"

शुक्रवारी पैसे भरत नाही. क्लास टूसाठी सोलापूर किंवा पुण्यात कोण आहे ते कसं शोधायचं? शिक्षिका ताई, ३११ चा फॉर्म ऑनलाइनच भरायचा ना?

रनवे_२७ (गुरुवार, सकाळी ६:२०)
डीजीसीएच्या संकेतस्थळावर क्लास टूच्या डॉक्टरांची शहरवार यादी आहे, फोन करून वेळ घ्या. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे ना? आधार आणि पासपोर्टवर नाव कसं आहे ते आत्ताच ताडून बघा. माझा कंप्युटर नंबर वडिलांच्या नावातल्या एका अक्षरासाठी लांबला होता. बोर्डाकडून मार्कशीटची पडताळणीही करून ठेवा.

शिक्षिका_सांगली (सकाळी ७:०५)
हो, ऑनलाइनच. त्याला म्हणावं आधी दहावीची बीजगणित-भूमिती पुन्हा कर, मग अकरावीला हात लाव. अडलं तर मला निरोप पाठवा, रविवारी दुपारी मी मोकळी असते.

निवृत्त_शाखाधिकारी (सकाळी ९:००)
गणित होईपर्यंत चार-सहा महिने मिळतायत, ते वाया घालवू नका. घराला प्रॉपर्टी कार्ड आहे का? आजोबांचं नाव कमी करून वारस नोंद लावायला आजच सुरुवात करा. सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. आत्या आहेत का?

सायली_मंगळवेढा (सकाळी ९:२०)
दोन आहेत. एक इंदूरला असते.