गोल्फ कोर्सला लागून घर घ्यावे का? (चँडलर, ॲरिझोना)

चँडलरचा_भाडेकरू:
नमस्कार मंडळी. फिनिक्सच्या आग्नेयेला असलेल्या चँडलरमध्ये आम्ही काही वर्षे भाड्याने राहत असून आता स्वतःचे घर शोधत आहोत. पाहिलेल्यांपैकी एक घर गोल्फ कोर्सला अगदी लागून आहे. मागे भिंतीऐवजी लोखंडी गजांचे कुंपण असल्यामुळे सगळी हिरवळ दिवाणखान्यातून दिसते, आणि या वैराण प्रदेशात तिचा मोह पडतो, हे कबूल करावेच लागेल. रस्त्यापलीकडच्या तशाच घरापेक्षा किंमत बरीच जास्त आहे. रिअल्टर, म्हणजे घरांचे दलाल, म्हणतात की विकताना ती वसूल होते. आम्ही दोघेही गोल्फ खेळत नाही. मुलगी पाच वर्षांची आहे आणि हिवाळ्यात आई-बाबा भारतातून येऊन राहतात, म्हणजे अंगणाचा वापर भरपूर होणार. चेंडूंचा त्रास, औषधफवारणी आणि उद्या कोर्सच बंद पडण्याची शक्यता, या तिन्हींबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रविवारचा_गोल्फर:
मी स्वतः खेळतो, त्यामुळे चेंडू मारणाऱ्याच्या बाजूने सांगतो. कोर्सला लागून असलेली सगळी घरे सारखी नसतात. आपले घर कोणत्या होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतच्या टप्प्याच्या, कोणत्या ठिकाणी आहे, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. बहुतेक खेळाडू उजव्या हाताचे असतात आणि त्यांतील हौशी मंडळींचा फटका हुकला की चेंडू बहुधा उजवीकडे वळतो. म्हणून टीवर, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागी, उभे राहून पाहिल्यास फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजव्या हाताला, साधारण २०० ते २५० यार्डांवर असलेल्या घरांना सर्वाधिक मार बसतो. टीच्या बाजूची किंवा मागची घरे चेंडूंपासून बरीच सुरक्षित असतात, मात्र तेथे दिवसभर गप्पा आणि गाड्यांची ये-जा ऐकावी लागते. ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, मागच्या घरात लांब गेलेले चेंडू येतात.

घर पाहायला जाल तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा मागच्या भिंतीकडे अधिक वेळ द्यावा. स्टकोवर, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या गिलाव्यावर, नाण्याएवढे गोल खळगे आहेत का, त्यांवर अलीकडेच रंगाचा हात फिरवला आहे का, छपराची कौले मधूनच नवी दिसतात का, हे पाहावे. कुंपणालगतच्या झुडपांत चेंडू सापडले तर विक्रेत्याला काही विचारायचीही गरज उरत नाही. जानेवारी ते एप्रिल हा येथील ऐन हंगाम असल्याने त्या काळातील शनिवारी सकाळी शेजाऱ्यांशी बोलावे. चेंडूचे वजन जेमतेम ४६ ग्रॅम असले, तरी तो काच सहज फोडतो, मग लहान मुलीच्या डोक्याची गोष्टच सोडा. विम्यातून काचेची भरपाई सहसा मिळू शकते, परंतु एका खिडकीचा खर्च अनेकदा डिडक्टिबलच्या, म्हणजे आधी आपणच भरायच्या रकमेच्या, आतच राहतो, म्हणजे पैसे आपल्याच खिशातून जातात. छपरावर सोलर बसवायचे असल्यास तोही विचार आधी करावा.

कागद_वाचणारी:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझ्या मते खरी जोखीम कागदांत आहे. अशा वसाहतींच्या नोंदणीकृत निर्बंधांत, म्हणजे ज्यांना येथे सगळे सीसी अँड आर म्हणतात त्यांत, पुष्कळदा असे कलम असते की आपल्या जागेत चेंडू येणे आणि ते घेण्यासाठी खेळाडूने आत शिरणे हे खरेदीदाराला मान्य आहे. मॅसॅच्युसेट्समधील किंग्स्टन येथे एका कुटुंबाने सुमारे चार वर्षांत साडेसहाशेहून अधिक चेंडू आल्याचे सांगून क्लबवर दावा केला आणि २०२१ साली ज्यूरीने व्याजासह सुमारे ४९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. परंतु २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण जागेच्या कागदपत्रांत क्लबला मिळालेले हक्क ज्यूरीसमोर नीट मांडले गेलेच नव्हते. बातमी भरपाईची सर्वांना आठवते, पुढचे कोणी वाचत नाही.

कोर्स बंद पडण्याबद्दलचे उदाहरण तर आपल्या शेजारचेच आहे. फिनिक्समधील अहवाटुकी लेक्स हा कोर्स २०१३ साली बंद झाला आणि पुढे त्या जागेवर घरे बांधण्याची योजना आली. रहिवासी न्यायालयात गेले. ती जमीन गोल्फसाठीच वापरावी, असे बंधन निर्बंधांत लिहिलेले असल्यामुळे ते जिंकले आणि कोर्स पूर्ववत करण्याचा आदेश अपील न्यायालयाने २०१९ साली कायम ठेवला. मात्र मधली कित्येक वर्षे त्यांच्या खिडकीसमोर कोरडी तळी आणि वाळलेले गवतच होते. असे बंधन ज्या जमिनीवर नाही, तेथे रहिवाशांच्या हाती झोनिंगच्या, म्हणजे जमिनीचा वापर ठरवण्याच्या, सुनावणीत विरोध नोंदवण्यापलीकडे फारसे काही राहत नाही. म्हणून बंधन आहे का, किती वर्षांचे आहे आणि ते बदलायला कोणाची संमती लागते, एवढे तरी वकिलाकडून तपासून घ्यावे. ॲरिझोनाच्या नेहमीच्या करारात तपासणीसाठी दहा दिवस मिळतात आणि ते या कामालाही वापरता येतात. क्लबचे सदस्यत्व घराबरोबर सक्तीचे आहे का, हेही विचारावे. एचओएची, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेची, वर्गणी आणि क्लबची वर्गणी हे दोन वेगळे खर्च आहेत.

दोन_मुलांची_आई:
फवारणीबद्दल सांगायचे, तर मे २०२५ मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात मिनेसोटा-विस्कॉन्सिन भागातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोर्सपासून सहा मैलांहून दूर राहणाऱ्यांच्या तुलनेत एक मैलाच्या आत राहणाऱ्यांमध्ये पार्किन्सनची शक्यता दुपटीहून अधिक आढळली, आणि भूजलातून येणाऱ्या पिण्याच्या पाण्याकडे संशोधकांनी विशेष लक्ष वेधले. मात्र हा केवळ परस्परसंबंध आहे. कीटकनाशकांचे प्रमाण कोणी मोजलेले नव्हते. एक मैलाचा हिशेब धरला तर रस्त्यापलीकडचे घरही त्यातच येते, तेव्हा या मुद्द्यावर दोन घरांत फारसा फरक करता येणार नाही. शहराचा पाण्याच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल जाहीर असतो, तो वाचावा आणि कोर्सच्या देखभाल प्रमुखांना फवारणीचे वेळापत्रक विचारावे. सिंचनासाठी अनेक ठिकाणी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरतात, त्यामुळे मुलांना तळ्यात उतरू देऊ नये.

रोजच्या जगण्यात मला सर्वांत त्रासदायक वाटतात ती उजाडण्यापूर्वी सुरू होणारी गवत कापण्याची यंत्रे. शिवाय शरद ऋतूत उन्हाळी बर्म्युडा गवत पार खरवडून राय गवत पेरतात. तेव्हा काही आठवडे कोर्स बंद, हिरवळ तपकिरी आणि धूळ घरभर. शांतता हवी असलेल्या आई-बाबांना मात्र संध्याकाळी खेळ संपल्यावरची ती मोकळी जागा नक्की आवडेल, त्याबद्दल शंका नाही.

चँडलरचा_भाडेकरू:
सर्वांचे मनापासून आभार. नकाशावर पाहिले, तर घर टीपासून सुमारे २३० यार्डांवर आणि उजव्या बाजूलाच आहे. जाळी लावून भागेल का?

रविवारचा_गोल्फर:
उंच जाळीला एचओए आणि शहर या दोघांची परवानगी लागू शकते आणि ती मिळालीच, तर ज्या दृश्यासाठी जास्त किंमत मोजायची तेच जाळीतून पाहावे लागेल. त्याच वसाहतीत टीच्या मागे एखादे घर निघेपर्यंत थांबता येत असेल, तर मी थांबेन.